‘ब्रेव्ह’ हा आई-मुलीवरचा ॲनिमेशनपट ऑस्कर मिळूनही अपुरा का वाटतो?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 11 वर्षांची आहे, तिच्याशी रोज खटके उडतात, म्हणून मुद्दाम दोघींनी मिळून ‘ब्रेव्ह’ पाहिला आणि शेवटी हाताला काहीच लागलं नाही. एवढा गाजलेला सिनेमा आपल्यालाच कळला नाही का, असं विचारलंय. कळलाय तुम्हाला. कमी कुठं आहे ते मला जसं दिसलं तसं सांगते.

आम्ही तो गेल्या मे महिन्यात पाहिला. सोलापूरचं ऊन, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. मी, माझी मुलगी आणि माझी आई. आईनं साखर पेठेतल्या घरी बसून तीसेक वर्षं रफूचं काम केलंय, हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगितलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. जुन्या काळातलं स्कॉटलंड, राजकन्या मेरिडा, घोडा आणि धनुष्यबाण हेच तिचं जग. आई, म्हणजे राणी एलिनॉर, तिला वळण लावू पाहते आणि तीन सरदारांच्या मुलांपैकी एकाशी तिचं लग्न ठरवायला निघते. चिडलेली मेरिडा चेटकिणीकडून मंतरलेला केक आणते, तो खाऊन आईचं अस्वल होतं. दुसरा सूर्य उगवायच्या आत तुटलेलं नातं सांधलं नाही, तर आई कायमची अस्वल.

केकच्या आधी एक प्रसंग आहे. एलिनॉर नवऱ्यासमोर बसून लेकीला काय काय सांगायचं ते बोलून बघते. तिकडं मेरिडा तबेल्यात आपल्या घोड्याला आईविषयी सांगत असते. दोघींची वाक्यं एकमेकींत अशी गुंफलीत की एकीच्या प्रश्नाला दुसरीचं उत्तर येतं, आणि दोघींना एकमेकींचं काहीच ऐकू जात नाही. माझ्या अंगावर काटा आला. सबंध सिनेमात याहून खरं काही नाही.

मला ते इतकं भिडलं कारण आमच्या घरात ते घडलंय. मी 19 वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. चांगलं स्थळ आलं, मी नको म्हटलं. पुढचे अकरा दिवस आई आणि मी एकमेकींशी बोललो नाही. मधे धाकटा भाऊ. “तिला सांग, भाकरी झाल्यात.” “आईला सांग, मला भूक नाही.” दोघी दोन हातांवर बसलेल्या, आणि तो बिचारा इकडून तिकडं निरोप देतोय. बाराव्या रात्री आई कुणाच्या तरी कोटाचं रफू करत बसली होती. दिवा मंद होता, डोळे शिणलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “सुई ओवून दे की.” मी ओवून दिली आणि तिथंच बसले. बऱ्याच वेळानं म्हणाली, “मला कुणी विचारलंच नव्हतं गं. विचारायचं असतंय हेच ठाऊक नव्हतं.” मग आम्ही भांडलो, मोठ्यानं, वडील जागे होईपर्यंत. ती रडली, मी रडले. ते स्थळ परत पाठवलं. एम.एस्सी. मात्र माझं राहिलंच, तिथं तिनं ऐकलं नाही.

तर त्या तबेल्याच्या प्रसंगानंतर मी वाट बघत होते की आता या दोघी समोरासमोर बसतील. समोर येतातही. मेरिडा तलवारीनं आईनं विणलेलं कुटुंबाचं चित्र फाडते, आई तिचं धनुष्य आगीत टाकते आणि लगेच पस्तावून बाहेर ओढते. आता खरं बोलणं होणार, असं वाटतं ना वाटतं तोच आईचं अस्वल होतं आणि तिची वाचाच जाते. तिथून जवळजवळ शेवटापर्यंत या गोष्टीतल्या आईला शब्द नाही.

ओढ्यात मासे पकडायचा प्रसंग गोड आहे, माया दिसते, मी नाकारत नाही. पण माया आधीही होतीच. प्रश्न मायेचा नव्हता, लग्नाचा होता. चार घराण्यांतली शांतता टिकावी म्हणून हे लग्न, ही एलिनॉरची बाजू काही खोटी नाही. ती बाजू ती कशी सोडते? भरल्या दरबारात अस्वल मागून खाणाखुणा करतं आणि मेरिडा सरदारांना सांगते की मुलांना आपापलं ठरवू द्या. प्रसंग हुशारीनं रचलाय, पण निर्णय आईचा आणि शब्द लेकीचे. इतक्या वर्षांचा हट्ट तिनं का सोडला, हे आपण पंजांच्या हालचालींवरून ओळखायचं. मला ते पुरलं नाही. तुम्हालाही पुरलं नसणार.

आणि ते फाटलेलं चित्र. सोलापूरच्या माणसाला ते ओळखीचं वाटतंच, कारण इथल्या पूर्व भागात हातमागावर अशी चित्रं विणतात, वॉल हँगिंग म्हणतो आम्ही. सिनेमात तलवार बरोबर आई आणि लेकीच्या मधून जाते. शेवटी मेरिडा धावत्या घोड्यावर बसून ते शिवते. हे बघून माझी आई खुर्चीत पुढं सरकली. म्हणाली, “गोणपाट शिवू लागली काय ही? हा टाका झाला, हे रफू नव्हं.” मग नातीला तिनं समजावलं. रफूला दोरा बाहेरचा चालत नाही, त्याच कापडाच्या आतल्या मुडपीतून काढायचा. आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकेकाच्या खालून-वरून न्यायचा. बोटभर फाटलेल्याला अख्खी दुपार जाते. मला वाटतं सिनेमाचंही हेच झालंय. मेरिडाच्या केसांसाठी पिक्सारनं, म्हणजे हा सिनेमा बनवणाऱ्या ॲनिमेशन कंपनीनं, खास सॉफ्टवेअर तयार केलं, 1,500 च्या वर बटा घडवल्या, आणि ते केस बघत राहावेत असेच आहेत. भांडणाला मात्र वरून टाका घातला. एक माफी, अश्रू, सूर्य उगवला, आई परत माणूस.

पडद्यामागची एक गोष्ट इथं सांगायला हवी. ही कथा ब्रेंडा चॅपमन यांनी स्वतःच्या मुलीशी असलेल्या नात्यातून उभी केली. पिक्सारचा पूर्ण लांबीचा चित्रपट हाती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. 2010 मध्ये, काम चालू असतानाच, त्यांना बाजूला करून मार्क अँड्र्यूज यांच्याकडं सूत्रं दिली गेली. 2012 ला चित्रपट आला, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, ते दोघांच्या नावावर. कोणता प्रसंग कुणाचा, हे मी कशाला सांगू. पण ज्या आईच्या घरातून गोष्ट आली तिलाच ती पूर्ण करू दिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच पिक्सारचा 2022 चा ‘टर्निंग रेड’ तुम्ही दोघींनी जरूर बघा. दिग्दर्शन डोमी शी यांचं. टोरांटोतली 13 वर्षांची मेई भावना अनावर झाल्या की मोठा लाल पांडा होते. तिथंही आई, मुलगी, जनावर, सगळं तेच. पण शेवटाकडं मेईला बांबूच्या बनात आपली आई भेटते, कोवळ्या वयातली, स्वतःच्या आईला दुखावलं म्हणून रडत बसलेली. मेई तिच्याशी बोलते, तिचा हात धरून पुढं चालत जाते. माझी आई तिथं काहीच बोलली नाही, चष्मा पुसत बसली.

‘ब्रेव्ह’ टाकून देऊ नका. माझ्या मुलीला तो आवडलाय, विशेषतः अस्वलाची पिल्लं झालेले मेरिडाचे ते तिळे भाऊ. परत लावाल तेव्हा तबेल्याच्या प्रसंगानंतर थांबवा. तिला मेरिडा होऊ द्या, तुम्ही एलिनॉर व्हा, आणि त्या दोघी जे घोड्याला आणि नवऱ्याला सांगतात ते एकमेकींना सांगा. आमच्याकडं राणी आजी झाली होती आणि ते दिवेलागणीपर्यंत चाललं. ‘टर्निंग रेड’ मध्ये पाळीचा विषय येतो, 11 व्या वर्षी तो यायलाच हवा, तेवढं आधी बोलून ठेवा.