सासऱ्यांच्या माघारी पहिले आवळीभोजन

वाळपईजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी दरवर्षी कार्तिकात, पहाटेचा गारवा जाणवू लागला की, कुळागरातल्या (पोफळी-माडांच्या बागेतल्या) आवळीखाली सारे कुटुंब जेवायला जमते. मुंबईचे आणि वास्कोचे दीर, सावंतवाडीची नणंद आणि सगळ्यांची मुले धरून वीसेक माणसे होतात. आवळी सासऱ्यांनी लावलेली, आणि सगळ्यांना बोलावण्याचे फोनही तेच करीत. यंदा ज्येष्ठात ते गेले. चुलत सासऱ्यांचे म्हणणे असे की, वर्ष पुरे होईपर्यंत घरात काहीही करू नये. मुंबईचे दीर म्हणतात की, तसे असेल तर नाताळच्या सुटीत आईला घेऊन सगळेच किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात राहू, आणि मुले त्या कल्पनेने हरखून गेली आहेत. सासूबाई ‘तुम्हीच ठरवा’ एवढेच म्हणतात. पत्राच्या शेवटी भगिनींनी लिहिले आहे की, बेत रद्द झाला तर दोन दिवसांचे चुलीपुढचे कष्ट वाचतील असा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. जेवण करावे की करू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

जेवण करावे, आणि ते याच कार्तिकात, त्याच आवळीखाली करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दरवर्षीसारखे मात्र करू नये, आणि तुमच्या एकटीच्या खांद्यावर तर मुळीच करू नये.

प्रथम तुमच्या चुलत सासऱ्यांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते मान राखून ऐकण्यासारखे आहे. सुतकाचे दिवस तुमच्या घरी कधीच संपले. त्यानंतर वर्षभर सण न करण्याची जी रीत आहे ती कुळाचाराने चालत आलेली असल्यामुळे घराघरांत वेगळी दिसते. कोणी दारात आकाशकंदील लावत नाही, कोणी नेवऱ्यांचे (करंज्यांचे) तळण करीत नाही पण शेजारणींनी आणून दिलेला फराळ खातो, कोणी मंगलकार्य तेवढे पुढे ढकलतो आणि बाकी सारे साधेपणाने करतो. या सगळ्या रीतींमागे एकच भावना आहे, ती म्हणजे घरातले माणूस गेले असताना आपण गाजावाजा करू नये. रक्ताच्या माणसांनी एकमेकांना भेटू नये, एका पंगतीला बसू नये, असे त्यात कुठेही अभिप्रेत नाही. उलट, दुःखाच्या घरी शेजारपाजारच्यांनी जेवण पोहोचवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि ती पाळणाऱ्या समाजाला माणसे जमण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा फटाके, रोषणाई, गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आणि पक्वान्ने यंदा नकोत. आवळीची पूजा करावी की नाही, हे चुलत सासरे सांगतील तसे करावे. आणि पंगत मात्र व्हावी.

हे त्यांना तुम्ही सांगू नका. हे काम तुमच्या यजमानांचे आहे. त्यांनी स्वतः काकांच्या घरी जावे, फोनवर बोलू नये, आणि ‘आम्ही असे ठरवले आहे’ या शब्दांनी सुरुवात करू नये. ‘बाबा गेल्यापासून भावंडे एकत्र बसलेली नाहीत, आईला करमत नाही, तुम्ही वडीलधारे म्हणून पंगतीला यावे आणि काय टाळायचे ते सांगावे’ असे बोलावे. वडील भावाच्या किंवा चुलतभावाच्या माघारी त्या पिढीतला जो उरतो, त्याला आपले ऐकणारे कोणी राहिले आहे की नाही, याची फार काळजी असते. तुमच्या चुलत सासऱ्यांच्या ‘करू नये’मध्ये ही काळजीही असावी, असे मला वाटते. त्यांना निर्णयात घेतले तर निम्मा विरोध तिथेच मावळेल.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग त्यांच्या त्या दोन शब्दांचा आहे. इतकी वर्षे ज्या बाईने पंगतीला कोणती भाजी, मडक्यात किती तांदूळ, कोणाच्या मुलाला तिखट चालत नाही, हे सगळे मनात धरून घर चालवले, ती ‘तुम्हीच ठरवा’ म्हणते तेव्हा तिला मत नसते असे नाही. या घरात आपले मत आता विचारले जाणार की नाही, हे तिला कळेनासे झालेले असते. म्हणून ‘आवळीभोजन करायचे का?’ असा मोठा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवू नका, कारण त्याला हो म्हणणे म्हणजे पतीच्या जाण्याचे दुःख विसरणे, असे त्यांना वाटेल. लहान, ठरावीक प्रश्न विचारा. यंदाची कणगां (कंद) खणायला झाली आहेत का, खतखत्यात (मिश्र भाजीत) सुरण कोणत्या कोपऱ्यातले घालायचे, तिरफळे पुरतील का, असे विचारा, आणि त्या सांगतील त्याप्रमाणेच करा. दोन-तीन दिवसांत त्या स्वतःहून चौथी गोष्ट सांगतील.

याच संदर्भात एक गोष्ट तुम्ही विचारलेली नसताना सांगते. तुळशीचे लग्न तोंडावर आहे. तुमच्या अंगणात यंदा ते झाले नाही तरी शेजारच्या वृंदावनापाशी दिंड्याची काठी, ऊस, आवळ्या-चिंचेच्या फांद्या लागतील, फोव (पोहे) आणि नारळ-गूळ वाटला जाईल, आणि हळदीकुंकवाच्या वेळी सासूबाई मागे सरकून उभ्या राहतील. त्यांना मागे राहू देऊ नका. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो मार्ग घेण्याचे आवाहन केले, हे तुम्ही वाचले असेल. ठरावाची वाट न पाहता घरातली सून हे करू शकते. सासूबाईंची इच्छा असेल तर कुंकवाचे बोट तुम्ही पुढे करा. नसेल तर आग्रह न करता त्यांच्या शेजारी उभ्या राहा. आवळीखालच्या पंगतीतही त्यांचे पान मुलांच्या आणि नातवंडांच्या मधोमध मांडा, एका कडेला नको.

जेवणाच्या बेताविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या थकव्याचे मूळ तिथे आहे. वीस माणसांसाठी दोन भाज्या, कडधान्याचे रसदार तोंडाक, भजी, गोड, शिवाय आदल्या रात्री आलेल्यांचे जेवण आणि दुसऱ्या सकाळचा नाश्ता, असा पसारा तुम्ही एकटीने उचलत असाल तर तो टळावासा वाटण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. यंदा साधेपणा राखायचाच आहे, तर त्याचा लाभ घ्या. मोठ्या टोपात एकच खतखते करा. त्यात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे काकांचाही आक्षेप राहणार नाही. आणि कणगां, सुरण, रताळी, मुळा, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा असे जे घरचे आणि बाजारचे मिळेल ते त्यात सामावते. सोबत उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि आवळ्याचे लोणचे असले की पंगत परिपूर्ण होते. गोड काही हवेच असे सासूबाईंना वाटले तर मणगणे (चणाडाळीची खीर) करा, नाहीतर गुळाचा खडा पुरे.

कामे आधी वाटून द्या, आणि ती व्यक्तीचे नाव घेऊन द्या. ‘मदत करा’ असे सगळ्यांना मिळून म्हटले की कोणीच हलत नाही, हा आपल्या सगळ्या घरांतला अनुभव आहे. कणगां खणणे आणि धुणे दिरांकडे, आदोळीवर नारळ खवणे यजमानांकडे, केळीची पाने कापून पुसणे मुलांकडे, लोणचे आणि सोले नणंदेकडे, भांडी जावांकडे आणि त्यांच्या नवऱ्यांकडे. आदल्या रात्रीचे जेवण वास्कोच्या दिरांनी येताना आणावे. पुरुषांना नारळ खवायला बसवणे सासूबाईंना कदाचित आवडणार नाही, परंतु मुलगा शेजारी बसून खवत आहे आणि त्या त्याला ‘अरे, करवंटीपर्यंत जाऊ नकोस’ असे सांगत आहेत, ही गोष्ट त्यांना या वर्षी हवीच असेल. चूल कुळागरातच तीन दगडांवर मांडली तर स्वयंपाक करणारी बाई घरात आणि गप्पा बाहेर, ही विभागणी आपोआप संपते. फक्त पोफळीच्या सुक्या झावळ्या जवळपास पडलेल्या असतील तर त्या आधी दूर करा आणि पाटाच्या पाण्याची बादली हाताशी ठेवा.

मुलांना आदल्या दिवशी दुपारी मोकळे ठेवू नका. आजोबांनी कोणते झाड कधी लावले, कोणत्या माडाचा नारळ गोड, मिरीचे वेल कोणी चढवले, हे सासूबाईंनी त्यांना कुळागरात फिरवून दाखवावे आणि थोरल्या नातवाने ते मोबाइलवर टिपून घ्यावे. पौर्णिमेच्या रात्री मंडळी आलेली असतील तर एखाद्या मोठ्याने मुलांना साखळीला न्यावे. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या पात्रात त्रिपुरारीच्या नावा सोडतात, त्या पाहण्यासारख्या असतात, आणि घरात गाजावाजा न करताही मुलांचा उत्साह सांभाळला जातो.

मुंबईच्या दिरांचा हॉटेलचा विचार मला वाईट हेतूचा वाटत नाही. आईला वेगळे वातावरण मिळावे, वहिनीवर भार पडू नये, असेच त्यांच्या मनात असेल, आणि ते त्यांना बोलून दाखवा. परंतु डिसेंबरच्या अखेरीस कळंगुट-बागा किनाऱ्यांच्या बाजूला पर्यटकांची जी गर्दी असते, खोल्यांचे भाडे जसे चढते आणि रस्ते जसे तुंबतात, ते पाहता पाच महिन्यांपूर्वी नवरा गमावलेल्या वृद्ध स्त्रीला तिथे काय मिळेल, याची मला शंका आहे. नातवंडांना समुद्र हवा असेल तर जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पेडण्यातल्या केरीला किंवा मोरजीला न्या. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी चारला किनाऱ्यावर पोहोचले की मुलांचे खेळणे होते आणि अंधार पडायच्या आत परतीला लागता येते. सासूबाईंना यावेसे वाटले तर त्या येतील.

एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. वडिलांच्या माघारी भावंडे पहिल्यांदाच एकत्र बसणार म्हणजे घराच्या आणि कुळागराच्या कागदांचा विषय कोणाच्या तरी तोंडून निघणारच. गोव्याच्या कायद्यानुसार, लग्नाच्या वेळी वेगळा करार झालेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि तिचा अर्धा वाटा पत्नीचा असतो. मुलींचा हक्कही मुलांच्या बरोबरीचा असतो. म्हणजे सासूबाई आणि नणंद यांच्याशिवाय त्या विषयात काहीच ठरू शकत नाही, आणि तो घाईत, जेवणाच्या पानावर ठरवण्याचा विषयही नाही. इन्व्हेंटरीचे (वारसांमधल्या वाटणीच्या न्यायालयीन प्रक्रियेचे) किंवा वारसा दस्ताचे बोलणे वकिलासमोर, वेगळ्या दिवशी होईल, असे यजमानांनी भावांना आधीच फोनवर सांगून ठेवावे. कोणी तरीही काढलाच, तर ‘आज नको’ एवढे त्यांनीच म्हणावे. सुनेने मध्ये पडू नये.

दिवस पौर्णिमेचाच हवा असे नाही. मुंबईहून येणाऱ्यांना रजा मिळणे अवघड असेल तर कार्तिक अमावास्येपर्यंतचा एखादा रविवार धरा. यजमानांना या आठवड्यातच काकांकडे पाठवा, त्यांचा होकार मिळाला की सासूबाईंकडून दिवस ठरवून घ्या, आणि मग बोलावण्याचे फोन सासूबाईंनाच करू द्या. नंबर तुम्ही लावून द्या आणि फोन त्यांच्या हातात द्या. पहिल्या फोनवर त्यांना रडू आले तरी दुसरा नंबर लावा.