सोयाबीनच्या मुळाला गाठी दिसतायत आणि पानं पिवळी पडलीत, युरिया टाकू का?

भाऊ, आधी ते युरियाचं पोतं खाली ठेवा. तुम्ही लिहिलंय की सोयाबीन २८ दिवसांचं आहे, जरा पिवळट मारतंय, एक रोप उपटलं तर मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसल्या, आणि शेजारचे म्हणतायत हा रोग आहे, एकरी एक पोतं युरिया फेकून मोकळे व्हा. मी करवीर तालुक्यातला, साडेतीन एकर रान, निम्म्यात ऊस आणि निम्म्यात सोयाबीन नायतर भुईमुगाच्या शेंगा असं फिरवून घेतो. मी काय कृषी अधिकारी नाही, पण या गाठींच्या नादात दोन पावसाळे घालवलेत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे गाठ नखानं ढकलून बघा. मुळाच्या अंगाला चिकटलेली असली आणि टचकन सुटून आली तर ती रायझोबियम जिवाणूची गाठ, हवेतलं नत्र (नायट्रोजन) पकडून पिकाला देणारी, तो रोग नाही, उलट आनंदाची गोष्ट आहे. मूळच फुगलेलं असलं, मूळ तुटतंय पण गाठ काय सुटत नाही, तर मात्र सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक किडे. सुटलेली गाठ ब्लेडनं मधोमध कापा. आतून कच्च्या मटणासारखी लालसर गुलाबी निघाली तर काम जोरात चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असली तर अजून चालू नाही किंवा आतले जिवाणू फुकट खाणारे आहेत, आणि तपकिरी, मऊ पडलेली असली तर तिचं संपलं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतलाच, त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन लागतो, पण नत्र फोडणारं जे एन्झाइम आहे, नायट्रोजिनेज, ते ऑक्सिजन लागला की बाद होतं, म्हणून हा लाल पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मोजून मापून सोडतो. मी पहिल्यांदा गाठ कापली तेव्हा आई म्हणाली, झाडाला रक्त कुठनं आलं रे.

हवेत ७८ टक्के नत्रच आहे पण ते दोन-दोन अणूंच्या जोडीनं इतकं घट्ट बांधलेलं असतं की पिकाला त्याचा काय उपयोग नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात करायचा तर ४००-५०० अंश उष्णता आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. तेच काम ही गाठ आपल्या चिखलात, आपल्या पावसात, काय आवाज न करता करते. पण फुकट नाही बरं का, नत्राचा एक रेणू फोडायला १६ एटीपी म्हणजे शक्तीची १६ नाणी मोजावी लागतात आणि ती सगळी झाडानं पानात केलेल्या साखरेतनं येतात.

आता तुमच्या पोत्याचा हिशोब करू. एकरी १० क्विंटल सोयाबीन धरा. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं, प्रथिनात १६ टक्के नत्र, म्हणजे नुसत्या दाण्यात ६४ किलो नत्र झालं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र किती? ४६ टक्के, म्हणजे २० किलो आणि वर थोडं. तीन पोत्यांएवढं नत्र तर दाण्यातनंच निघून जातं, आणि त्यातलं निम्मं किंवा त्याहून थोडं जास्तच या गाठींनी हवेतनं आणलेलं असतं.

बरं, युरिया टाकला तर बिघडतं काय? घरात भाकरी तयार असली की चूल कोण पेटवतंय, तसं झाडाचं होतं. जमिनीत तयार नत्र मिळायला लागलं की झाड गाठींना साखर द्यायचं कमी करतं, नवीन गाठी धरत नाहीत. आमच्यात एका वर्षी आबांनी माझं न ऐकता अर्ध्या एकरात एकरी पोत्याच्या हिशोबानं टाकला, उरलेला अर्धा एकर मी तसाच ठेवला. पंधरा दिवसात त्यांच्या बाजूचं सोयाबीन काळंशार, मांडीला लागतंय, गल्लीतली माणसं येऊन बघून गेली आणि मी गप्प. गणपतीच्या सुमाराला एका जोराच्या पावसात ते सगळं लोळलं. दोन्हीकडची पाच-पाच रोपं खुरप्यानं मातीसकट काढून बादलीत धुतली, त्यांच्या रोपाला सात-आठ बारक्या गाठी आणि माझ्याकडं चाळीसच्या वर. मळणीला दोन्हीकडं जवळपास सारखंच उतरलं, त्यामुळं आबा म्हणतात माझं कुठं नुकसान झालं, आणि मी म्हणतो पोत्याचे पैसे गेले ते काय. अजून भांडण मिटलेलं नाही. पेरणीच्या वेळचा शिफारशीतला थोडा नत्राचा डोस वेगळा, तो द्यावाच, कारण पहिले तीन-एक आठवडे गाठी चालू झालेल्या नसतात. स्फुरद (फॉस्फरस) तर पाहिजेच, त्याच्याशिवाय गाठी धरत नाहीत.

मग पिवळं का पडलंय? गाठी लाल असल्या तर नत्र सोडून दुसरीकडं बघा. रानात पाणी साचलंय का? पाणी साचलं की गाठींना हवा मिळत नाही आणि काम ठप्प होतं, आधी चर काढा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असल्या तर लोह कमी पडलंय, चुनखडीच्या रानात हे लई होतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडतायत आणि गाठीच नाहीत, तरच नत्राचा विषय.

गाठी नसतील तर यंदा त्या आणायला काय जमायचं नाही, पण पुढच्या वर्षी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा, गुळाचं पाणी उकळून गार करून त्यात, आणि सावलीत सुकवून लगेच टोकणा. बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू शेवटी. आणि सोयाबीनला सोयाबीनचंच पाकीट, भुईमुगाचं चालत नाही. मी एकदा पाकीट आणून दोन दिवस गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवलं आणि मग बियाण्याला चोळत बसलो, आत जिवंत काय राहिलं असंल ते देवाला ठाऊक, त्या वर्षी गाठी हुडकून काढाव्या लागत होत्या.

खाली कुणीतरी लिहिलंय की सोयाबीनचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानाला होणारा फायदा, उसाला दोन पोती युरिया वाचवतो. इथं जरा थांबा. वरचा हिशोब बघा, ते ६४ किलो नत्र तर आपण पोत्यात भरून मार्केट यार्डात नेऊन घातलं. मागं राहतो पालापाचोळा आणि मुळं. तरी बेवड चांगला लागतो हे खरंच आहे, कारण सोयाबीनचा पाला लवकर कुजतो, ज्वारीच्या धसकटासारखा कुजताना जमिनीतलं नत्र अडकवून ठेवत नाही, आणि रान भुसभुशीत होतं. भुसकट पण रानाबाहेर गेलं तर मात्र बेवड कसला. खरोखर नत्र जमिनीत घालायचं तर ताग नायतर धैंचा करा आणि ४५ दिवसांच्या आसपास फुलावर येताना गाडून टाका, त्यातलं काहीच बाजारात जात नाही.

शेंग आली म्हणजे गाठ आली असं पण नाही. बांधावरचा तरोटा, चिंच, बहावा, गुलमोहर ही सगळी शेंगांचीच झाडं, पण मुळाला एक गाठ सापडायची नाही, मी तरोटा उपटून उपटून दमलो मग वाचल्यावर कळलं. आणि पावसाळ्यात पन्हाळ्यापलीकडं मसाई पठारावर गेलात तर तिथल्या जांभ्या खडकाकडं बघा. असल्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) माती बोटभर, नत्र जवळपास नाहीच, म्हणून दवबिंदूसारखी झाडं पानावर किडे चिकटवून त्यांच्यातनं नत्र काढतात. ओल्या कातळावर तो काळपट बुळबुळीत थर असतो ना, ज्यावरनं आपण घसरून पडतो, त्यात निळं-हिरवं शेवाळ असतं आणि त्यातली बरीच जात हवेतलं नत्र पकडणारी. भाताच्या खाचरात पण तीच भावकी.

तुमच्या पुढच्या प्रश्नाचं, म्हणजे उसाला असलं काय आहे का याचं, थोडक्यात सांगतो. उसाला गाठी येत नाहीत, पण ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमला १९८८ मध्ये उसाच्या आत राहून नत्र पकडणारा जिवाणू सापडला, आपल्याकडं ॲसिटोबॅक्टर म्हणून बेणेप्रक्रियेला, म्हणजे लावणीआधी उसाच्या कांड्यांना लावायला, मिळतो तोच. मी वापरतो, युरिया थोडा कमी करतो, पण बंद करायची हिंमत अजून झालेली नाही.

उद्या सकाळी रानाच्या पाच ठिकाणची पाच रोपं काढा, उपटू नका, गाठी मातीतच राहतात, खुरप्यानं खणून काढा. कापून रंग काय निघाला ते खाली लिहा, मग चर काढायचा का लोहाची फवारणी करायची ते बघू.