नक्षीवर भुलू नका, पाणी विचारा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: स्वयंपाकासाठी पहिली हातघडणीची सुरी बनवून घ्यायची आहे, कारागिराने दमास्कसच्या लाटांचे फोटो पाठवलेत, आता माल चांगला आहे हे नागपुरात बसून कसं ओळखायचं?

लाटांवरून ते कळत नाही. दोन प्रकारचं पोलाद थरांनी जोडून, घडवून आम्लात बुडवलं की त्या उमटतात. सुरी धार किती दिवस धरेल हे ठरतं पाण्यावर. लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात तेच: पातं लाल तापवून तेलात विझवायचं, मग साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा भाजून ठिसूळपणा घालवायचा. म्हणून पोलाद कोणतं हे विचारलंत की लगेच पाणी कसं दिलं आणि कठीणपणा किती, तेही विचारा. ५२१०० हे बेअरिंगचं पोलाद. त्याच्या सुरीला ६० रॉकवेलच्या (हे कठीणपणाचं माप) आसपास छान. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासूनही चांगली सुरी होते, पण त्यात आधीच बारीक भेगा असू शकतात आणि नेमकं पोलाद माहीत नसल्याने कारागीर पाणी अंदाजाने देतो.

कागद सरसर कापणाऱ्या व्हिडिओवर पैसे देऊ नका. तशी धार मऊ पत्र्यालाही येते, टिकत नाही. गाजर चिरून बघा. टक्कन फुटलं तर धारेमागे पातं जाड आहे. तिथली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हवी.

आता मूठ, कारण इथेच माझे पैसे बुडाले. माझ्या पहिल्या सुरीची मूठ सागवानाची, दिसायला देखणी. आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत लाकूड आटलं आणि पोलादाची कड नखाला लागायला लागली. जुलैत त्या फटीत ओल शिरली. आतून गंज धरला आणि दिवाळीपर्यंत मूठ हलायला लागली. तेव्हापासून मी रेझिन मुरवलेलं लाकूड किंवा मायकार्टाच (रेझिनमध्ये थरांनी घट्ट दाबलेलं कापड किंवा कागद) घेतो.

कार्बन पोलादावर, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या पात्यावर, संत्र्या-लिंबाचा रस राहिला तर डाग पडतोच. निळसर-करडा असेल तर काळजी नको, तांबूस दिसला तर लगेच घासून पुसा.

ॲडव्हान्स देण्याआधी तीन फोटो मागवा: पाठ वरून, टाच (धारेचं मुठीकडचं टोक) समोरून, आणि मुठीचा पोलादाशी जोड जवळून. धारेचे तुकडे उडाले तर सुरी बदलून देणार का, तेही लिहून घ्या.