शंका-समाधान: मंडळीतील सेवाकार्य नेमके कशासाठी?

प्रश्न: सप्रेम सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी सात वर्षे तरुण संघाचा चिटणीस आहे. रविवारची उपासना, शब्बाथशाळा, बुधवारची प्रार्थनासभा, स्त्रियांची सभा, नाताळचा कार्यक्रम असे आमच्याकडे वर्षभर काही ना काही चालूच असते. गेल्या दिवाळीनंतर मंडळीतील एक कुटुंब ऊसतोडीला गेले आणि त्यांची म्हातारी आजी घरी एकटी राहिली. ती आजारी असल्याचे आम्हाला कळले ते थेट तिच्या दफनविधीच्या दिवशी, आणि त्याच आठवड्यात आम्ही नाताळच्या मंडपासाठी तीन बैठका घेतल्या होत्या. तेव्हापासून या सगळ्या धावपळीचा खरा हेतू कोणता, हा प्रश्न मनातून जात नाही. पाळकसाहेब म्हणतात, “आत्मे जिंकणे”, मंडळीचे वडील म्हणतात, “मंडळी टिकवणे.” आपण काय म्हणाल?

उत्तर: आपल्या पाळकसाहेबांचे आणि मंडळीच्या वडिलांचेही म्हणणे चुकीचे नाही, मात्र दोन्ही उत्तरे फळाविषयी बोलतात, मुळाविषयी नाही. मुळाशी जायचे तर बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडावा लागतो, कारण मंडळीने ठराविक माणसे निवडून त्यांच्यावर ठराविक जबाबदारी सोपवल्याची जी पहिली हकीकत त्या पुस्तकात येते, तिची सुरुवात एका तक्रारीतून झाली आहे. यरुशलेमेत रोज अन्नाची वाटणी होत असे आणि तीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर त्यांच्या लोकांनी केली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ही कुरकूर दाबली नाही, मंडळी बोलावली आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता, अंत्युखियाहून आलेला होता. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी सोपवली गेली असावी, असे दिसते. आपल्याकडे कमिट्या कशा नेमल्या जातात ते आठवून हा अध्याय वाचावा.

आपण मराठी वाचक या बाबतीत भाग्यवान आहोत, कारण मूळ ग्रीकमधला एक धागा आपल्या भाषांतरात शाबूत राहिला आहे. जेवण वाढण्याच्या कामाला तेथे “पंक्तिसेवा” म्हटले आहे आणि लगेच पुढे प्रेषित स्वतःच्या कामाला “वचनाची सेवा” म्हणतात. मुळात दोन्हीकडे दियाकोनिया (सेवा) याच कुळातला शब्द आहे, म्हणजे ताटात भाकरी वाढणे आणि व्यासपीठावरून वचन सांगणे यांना त्या मंडळीने वेगवेगळ्या दर्जाचे शब्द दिले नाहीत. कामे मात्र वाटून घेतली, आणि ते शहाणपणाचेच होते. गंमत अशी की पंक्तिसेवेला नेमलेल्या स्तेफनाचे भाषण हे त्या पुस्तकातले सर्वांत लांब भाषण आहे, आणि त्या सातांतलाच फिलिप्प शोमरोनात जाऊन शुभवर्तमान सांगतो. वाढप्यांना बोलता येते. वक्त्यांना वाढता येते का, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातली. मत्तय, मार्क आणि लूक यांनी शेवटच्या रात्रीच्या भोजनाच्या वर्णनात भाकरी आणि प्याला यांची हकीकत दिली आहे. योहान त्या ठिकाणी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचे सांगतो. धुळीने भरलेले पाय धुणे हे घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम होते, आणि म्हणूनच पेत्र संकोचला. आपल्या मंडळ्यांत भाकरी-प्याल्याच्या प्रभुभोजनाला जेवढा मान आहे तेवढाच त्या पाण्याच्या घंगाळाला असता, तर आपल्याला हे पत्र लिहावे लागले नसते.

आता एक आठवण सांगतो. मी नवखा पाळक असताना आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचे लहान काचेचे पेले धुण्याचे काम एक विधवा बाई करीत. पुस्तकात नाव असलेल्या सभासदांच्या संख्येइतके पेले त्या आदल्या रात्री मोजून लावीत आणि उपासना संपल्यावर मागच्या नळावर बसून विसळीत. एकदा मी पाहिले, की विसळण्याआधी त्या भरलेले परत आलेले पेले वेगळे मांडत होत्या. “नऊ उरले, साहेब,” असे म्हणून त्यांनी डोळे मिटले, पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत कोण कुठे बसले होते ते मनातल्या मनात फिरून पाहिले आणि नऊपैकी आठ नावे सांगितली. सोमवारी दुपारी त्या आणि त्यांची एक मैत्रीण त्या आठ घरी जाऊन आल्या. नववे नाव सापडायला मंगळवार उजाडला. या कामाला कोणतेही पद नव्हते, वार्षिक अहवालात त्याची ओळही नव्हती, आणि माझ्या तेव्हाच्या प्रवचनांपेक्षा मंडळी त्यावर अधिक उभी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

म्हणून माझे म्हणणे असे, की सेवाकार्याचा हेतू माणूस नजरेआड होऊ न देणे हा आहे, आणि पाळकाचा हुद्दा त्यासाठी इतरांना तयार करण्यापुरता आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक व शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करावे म्हणून. तेथे एक स्वल्पविराम मोठा घातक ठरला आहे. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात “पवित्र जनांच्या सिद्धतेसाठी” यानंतर स्वल्पविराम पडला आणि सेवेचे काम हे पाळकांच्याच यादीतले एक वेगळे काम वाटू लागले. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अशी विरामचिन्हे नव्हती, आणि आजची बहुतेक भाषांतरे तो स्वल्पविराम काढून टाकतात. तो काढला की सेवा करणारे पवित्र जन ठरतात, म्हणजे आपण आणि आपला तरुण संघ.

हे केवळ छोट्या मंडळीचे शास्त्र नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या, त्यांना केडगावला आसरा दिला, आणि पुढे त्याच मुक्ती सदनातील मुलींच्या हातांनी बाईंच्या मराठी बायबलची छपाई झाली. ज्यांना अन्न वाढले त्यांनीच वचन छापले. पंक्तिसेवा आणि वचनाची सेवा यांचा याहून चांगला मेळ महाराष्ट्रात मला तरी दुसरा आठवत नाही.

आपल्यापुरते एक काम सुचवतो. तरुण संघाच्या गेल्या दोन वर्षांच्या इतिवृत्ताची वही घ्या आणि किती ठरावांत मंडप, ध्वनिक्षेपक, वर्गणी आहे व किती ठरावांत एखाद्या सभासदाचे नाव आहे, ते मोजा. मग ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दिवाळीपूर्वी करा आणि मागे राहिलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे दोन तरुण नेमा. त्यासाठी नाताळचा एक कार्यक्रम कमी करावा लागला तर खुशाल करा.

प्रश्न: माझ्या मुलाला पूर्णवेळ सेवेत जायचे आहे. घरचे म्हणतात, पगार घेतला की ती नोकरी झाली, सेवा राहिली नाही. हे खरे का?

उत्तर: खरे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल कामकऱ्याचा निर्वाहाचा हक्क आधी ठामपणे मांडतो आणि मगच स्वतःपुरता तो सोडतो. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता. हक्क सोडणे ही त्याची स्वतःची निवड होती, ती त्याने दुसऱ्यावर लादली नाही. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले आणि १९१७ साली ते सोडून साताऱ्याला “देवाचा दरबार” मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसावेत अशी त्यांची इच्छा होती. मिशनच्या पगारावर असताना लिहिलेली त्यांची भजने आजही आपण गातो, तेव्हा पगाराने सेवा खोटी ठरते असे म्हणणे कठीण आहे. मुलाला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाला, पाठवण्याआधी एक वर्ष एखाद्या खेड्यातील पाळकाबरोबर घरोघरी फिरू द्या. परत आल्यावर तो वेतनाविषयी आधी विचारतो की माणसांविषयी सांगतो, याकडे लक्ष ठेवा.