आपल्यात मुलगे नुसते खातातच का?

प्रिय मनू,

रविवारी सगळे गेल्यावर टेबलावरचा मैदा पुसता पुसता तू विचारलंस, "बाबा, आपल्यात मुलगे नुसते खातातच का?" मी "झोप आता, उद्या शाळा आहे" म्हणून विषय टाळला. टोमणा नव्हता तो, कळतंय मला. तुझ्या मैत्रिणीचे बाबा बाह्या सरसावून डंपलिंगच्या पाऱ्या लाटत होते, कडेला पातळ, मध्ये जाड. तुम्ही सगळ्या मुली त्यांना चिकटून बसला होतात आणि मी फोटो काढत उभा. कुणीही विचारलंच असतं. तरी लागलं. म्हणून लिहितोय. सवडीने वाच.

"छे, असं काही नाही" असं ठासून लिहायला बसलो आणि आठवली ती जुन्या नाशकातल्या वाड्यातली नागपंचमी. त्या दिवशी आपल्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते, असं घरातली वडीलधारी माई सांगायची आणि त्यापुढे कुणी विचारत नसे. (तुमचा रविवारचा बेत त्या दिवशी कोबीपाशीच अडला असता.) मग उकडून काय होईल, तर पुरणाची दिंडं. तुझी आजी मूळची चिपळूणची. उकडीच्या मोदकात तिचा हात धरणारं कुणी नाही, पण दिंड तिने आपल्या घरी येऊन पहिल्यांदा पाहिलं.

आता माझं काम ऐक, कारण काम होतं. पुरणयंत्र फिरवायचं. डाळ गुळात शिजून घट्ट झाली, उलथनं मधोमध उभं राहिलं, की माई हाक मारायची. पुरण गरम असतानाच वाटावं लागतं. गार झालं की दांडा जागचा हलत नाही. यंत्राचे पाय परातीत घसरायचे, म्हणून एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. खालून शेवयांसारखं पिवळं पुरण पडायला लागलं की जायफळाचा वास यायचा आणि बोट घालायचा मोह व्हायचा. नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून हातावर चापटी बसायची. चकती रिकामी झाली की लगेच हुकूम, "झालं ना? मग निघा आता, लुडबुड नको."

आम्ही निघायचो. श्रावणात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असलं तर थेट नदीवर, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत आलंय की छातीपर्यंत ते बघायला. भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवत असायचे, ती गंमत वेगळीच. खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाकलल्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

आत काय चालायचं ते दारातून दिसे तेवढंच. माई पुरीएवढी पारी लाटायची, बेबीआत्या मधोमध पुरण ठेवायची, आजी चारी बाजू आत दुमडून चौकोनी घडी करायची आणि घडीची बाजू खाली ठेवून दिंडं चाळणीत लावायची. तिघी खिदळत असायच्या. आमच्यापैकी कुणी पाणी प्यायला आत गेलं की गप्प. ती जागा त्यांची होती. अण्णांचं वाड्यात सगळ्यांवर चालायचं, पण त्या उंबऱ्याच्या आत नाही. रविवारी हेच तुला सांगणार होतो, की आम्हाला काम चुकवायचं नव्हतं, आम्हाला तिथे शिरकावच नव्हता.

पण हे म्हणताना माझंच मला पटत नाही. पहिली पंगत आमची. कटाची आमटी, दिंडावर साजूक तुपाची धार, वर आग्रह. बायका बसायच्या दुपार कलल्यावर, आणि फुटलेली दिंडं माईच्या ताटात. शिवाय आजीचं बघ. ती बाहेरून आलेली, तिला पहिल्याच पंचमीला शेजारी बसवून घडी शिकवली. मी त्याच घरात जन्मलो आणि मला मारुती बघायला पाठवलं. याला रीत म्हणायचं की नुसती सवय, मला ठरवता येत नाही.

तुझ्या मैत्रिणीचे बाबा सांगत होते, त्यांच्या घरी चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर टेबलाभोवती बसतं आणि लहान मुलांची वेडीवाकडी डंपलिंगंही त्याच पातेल्यात पडतात. उकळी आली की गार पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी, असं तीनदा. कोबीला मीठ लावून ते इतका पिळत का होते, हे मात्र मला न सांगता कळलं. पाणी राहिलं तर पारी फाटते. पुरण सैल झालं की दिंडाचं तेच होतं.

एक सुचवतो, हट्ट नाही. पुढच्या श्रावणात एखाद्या रविवारी दिंडं करूया का? पंचमीच हवी असं नाही, पाळण्याबिळण्याचं तुझं तू ठरव. मैत्रिणींना बोलाव, त्यांच्या बाबांनाही. पारी तेच लाटतील, माझी त्यांच्यासमोर नको. पुरण माझ्याकडे; नाशिकहून आणलेलं यंत्र गॅरेजमधल्या खोक्यात आहे, बारीक भोकांची चकती तेवढी शोधावी लागेल. घडी मला येत नाही. आजीला व्हिडिओ कॉलवर घेऊ, पण तिच्याशी तू बोल. मी विचारलं तर ती आधी पाच मिनिटं हसेल.

आईला विचारलं. ती म्हणाली, पुरण जो करेल त्यानेच कटाची आमटीही करायची आणि भांडीही घासायची.

तुझा,
बाबा