अमेरिकेत एकट्या आईचं उत्पन्न कमी असेल, तर टॅक्स रिटर्न भरून मुलांसाठी काही मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घटस्फोट झालाय, ग्रीन कार्ड आहे, राहायला न्यू जर्सीत एडिसनला. 9 आणि 4 वर्षांची दोन्ही मुलं तुमच्याकडेच असतात. ग्रोसरीच्या दुकानातून 2025 मध्ये 22 हजार डॉलर मिळाले. मैत्रीण म्हणते, इन्कम टॅक्स कापलाच जात नाही तर रिटर्न कशाला भरायचं, आणि मुलांचे वडील म्हणतात, मुलं माझ्या रिटर्नवर लावतो.

ताई, दोघांचंही ऐकू नका. रिटर्न भरा, आणि मुलं स्वतःच्याच रिटर्नवर लावा.

माझीही एकेकाळी तुमच्या मैत्रिणीसारखीच समजूत होती. मुलगा पहिलीत होता, मी एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर उभी राहायचे. पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या टॅक्सच्या पुढे शून्य दिसायचं, म्हणून दोन वर्षं रिटर्न भरलंच नाही. तिसऱ्या वर्षी लायब्ररीत मोफत रिटर्न भरून देणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने माझा डब्ल्यू-टू, म्हणजे मालकाकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म, हातात घेतला आणि विचारलं, "मागच्या दोन वर्षांचे कुठे आहेत?" मी घरी जाऊन कागदांची पिशवीच उचलून आणली. जुनी दोन्ही वर्षं तिने भरून दिली. ते पैसे आले तेव्हा पहिल्यांदाच पुढच्या तीन महिन्यांच्या भाड्याची काळजी मिटली. म्हणून सांगते, रिफंड मागायला तीन वर्षांची मुदत असते. तुमचं मागचं एखादं वर्ष राहिलं असेल तर तेही काढा.

आता तुमचा हिशोब. तुम्ही 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणून भराल, कारण लग्न उरलेलं नाही, मुलं तुमच्यापाशी राहतात आणि घरखर्चाचा अर्ध्याहून जास्त भार तुमच्यावर आहे असं मी धरते. 2025 साठी या प्रकारात 23,625 डॉलरपर्यंतच्या कमाईवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, म्हणजे तुमचा शून्य. तरीही दोन क्रेडिट्स, म्हणजे टॅक्समधल्या सवलती, रोख हातात येतात. पहिलं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट. दोन मुलांसाठी ते जास्तीत जास्त 7,152 डॉलर आहे आणि 22 हजारांच्या कमाईवर तुम्हाला पूर्ण मिळतं. दुसरं चाइल्ड टॅक्स क्रेडिट. नव्या कायद्याने ते मुलामागे 2,200 झालं, पण टॅक्स शून्य असेल तर हातात येणारा भाग मुलामागे 1,700 पर्यंतच, आणि तोही 2,500 च्या वरच्या कमाईच्या 15 टक्के. तुमचे होतात 2,925. दोन्ही मिळून 10,077 डॉलर. शिवाय न्यू जर्सी फेडरल अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या 40 टक्के देते, म्हणजे आणखी सुमारे 2,860, आणि धाकट्यासाठी हजार डॉलर, कारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राज्याचं वेगळं क्रेडिट आहे. राज्याचा थोडा टॅक्स यातून वळता होईल, एवढंच. डेकेअरच्या खर्चाचं फेडरल क्रेडिट मात्र टॅक्स शून्य असताना उपयोगी पडत नाही, त्यावर आशा ठेवू नका.

हे पैसे घ्यायला संकोच वाटू देऊ नका. पे-स्टबवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची ओळ बघा. 22 हजारांतून जवळजवळ 1,683 डॉलर तिथे आधीच गेलेत. अर्न्ड इन्कम क्रेडिट 1975 साली आणलं तेच कमी पगारावरचा हा बोजा हलका करायला.

वडिलांचं म्हणाल तर मुलं ज्याच्या घरी वर्षाच्या जास्त रात्री राहिली, हक्क त्याचा. तुम्ही फॉर्म 8332 वर सही करून दिलीत तरच त्यांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेता येतं. अर्न्ड इन्कम क्रेडिट तर सही करूनही त्यांच्याकडे जात नाही. सही करण्याआधी घटस्फोटाच्या कागदांत याबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. त्यांनी आधीच मुलं लावून टाकली असतील तरी घाबरू नका. आयआरएसच्या (फेडरल टॅक्स खात्याच्या) साइटवरून आयपी पिन, म्हणजे तुमची ओळख पटवणारा नंबर, काढा, त्यावर तुमचं रिटर्न ऑनलाइन स्वीकारलं जातं. मग आयआरएस पुरावा मागू शकते. माझ्याकडे मागितला होता. शाळेच्या ऑफिसमधून लेटरहेडवर एक पत्र आणलं, त्यावर मुलाचं नाव, आमचा पत्ता, पालक म्हणून माझं नाव आणि शाळेच्या तारखा. त्या एका कागदावर काम झालं.

आपल्याकडे बरेच जण मुलांना सात-आठ महिने आजी-आजोबांकडे गावी ठेवतात. मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ अमेरिकेत तुमच्यासोबत राहिलेलं नसेल तर त्या वर्षी अर्न्ड इन्कम क्रेडिट अडतं, चाइल्ड टॅक्स क्रेडिटही अडू शकतं. तिघांकडेही कामासाठी वैध सोशल सिक्युरिटी नंबर हवा, आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्सचा नंबर) चालत नाही. आणि घरून डबे करून रोख पैसे घेत असाल तर तीही कमाईच आहे. खर्च वजा जाता कितीही उरली तरी रिटर्नमध्ये ती दाखवावीच लागते, म्हणून वहीत रोजचं लिहून ठेवा. मात्र क्रेडिट वाढावं म्हणून न केलेली कमाई कुणी दाखवायला सांगितली तर तिथून उठा. खोटेपणा सापडला तर दहा वर्षं हे क्रेडिट बंद होतं.

रिटर्न भरायला पैसे देऊ नका. 211 या मदतीच्या नंबरवर फोन करून जवळचं 'व्हीटा', म्हणजे स्वयंसेवक रिटर्न भरून देतात ते, केंद्र विचारा, तुमच्या उत्पन्नाला सगळं मोफत आहे. रिफंडमधून टक्केवारी मागणाऱ्या किंवा रिटर्नवर स्वतःची सही न करणाऱ्या माणसाकडे कागद देऊ नका. माझ्या शेजारणीने दिले आणि त्याने तिचं रिटर्न 'हेड ऑफ हाउसहोल्ड'ऐवजी 'सिंगल' म्हणून भरलं, ते दुरुस्त करण्यात तिचं अख्खं वर्ष गेलं.

केंद्रावर जाताना डब्ल्यू-टू, फोटो असलेलं ओळखपत्र, तिघांची सोशल सिक्युरिटी कार्डं आणि बँकेचा राउटिंग नंबर न्या. ही क्रेडिट्स असलेले रिफंड फेब्रुवारीच्या मध्याआधी सुटत नाहीत, तेव्हा त्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नका. शाळेचं पत्र मात्र याच आठवड्यात मागा, एप्रिल जवळ आला की तिथे रांग लागते.