ऑर्किडचे नवे वाण काढताना लहान रोपवाटिकेला डीएनए चाचण्यांचा खरोखर उपयोग होतो का?

शोभेच्या ऑर्किडचे स्वतःचे संकर करू पाहणाऱ्या लहान रोपवाटिकेने डीएनए चाचण्या आणि जनुक-संपादन यांच्या मागे लागावे का, असे आपण विचारले आहे. मी उतिसंवर्धनाच्या, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे वाढवण्याच्या, कामात आहे आणि माझ्या मते चाचण्यांवर खर्च जरूर करावा. मात्र त्यांचा खरा लाभ नवे फूल घडवण्यापेक्षा नको असलेली रोपे वेळीच बाजूला काढण्यात आहे.

फॅलेनॉप्सिस या लोकप्रिय शोभेच्या ऑर्किडचे बी रुजवल्यापासून पहिले फूल येईपर्यंत साधारण दोन ते तीन वर्षे जातात. एका बोंडात धुळीसारखे हजारो बी असते, तेव्हा फूल पाहूनच निवड करायची म्हटले तर तोवर शेकडो निरुपयोगी रोपे जागा, खत आणि मजुरी खात राहतात.

म्हणून संकर करण्याआधी दोन्ही पालकांचे गुणसूत्रसंच, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे किती संच आहेत, हे तपासून घ्यावेत. मूळ जातींत दोन संच मिळून 38 गुणसूत्रे असतात, तर बाजारातील मोठ्या फुलांचे पुष्कळ वाण चतुर्गुणित, म्हणजे चार संचांचे आहेत; या दोहोंची संतती त्रिगुणित, म्हणजे तीन संचांची निघते आणि ती कितीही देखणी असली तरी बहुधा वंध्य असल्याने पुढची पिढी तिथेच खुंटते. तपासणीसाठी नखाएवढा पानाचा तुकडा थंड द्रावणात ब्लेडने अगदी बारीक चिरतात, गाळून घेतात आणि सुट्या झालेल्या केंद्रकांना चमकणारा रंग देऊन ते फ्लो सायटोमीटर या प्रत्येक केंद्रकाची चमक मोजणाऱ्या यंत्रातून सोडतात. चमक जितकी अधिक, तितका डीएनए अधिक. पान मात्र कोवळेच द्यावे, कारण ऑर्किडच्या जून पेशींत विभाजनाविनाच डीएनए दुप्पट होत जातो आणि निष्कर्ष फसवा येतो.

विषाणूंची चाचणी तर टाळूच नये. सिम्बिडियम मोझेक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे विषाणू कात्रीवाटेही पसरतात, आणि बाधित झाड अनेकदा निरोगी दिसते. अशा मातृवृक्षापासून उतिसंवर्धन केले तर रोग हजारो रोपांत जातो. कोविडमुळे सर्वांना ठाऊक झालेली आरटी-पीसीआर पद्धत इथेही चालते.

फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसचा जनुकसंच 2015 मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून रंग आणि फुलाची ठेवण ठरवणारी जनुके शोधणे सोपे झाले आहे. तरीही दुसऱ्यांच्या संकरांत सापडलेला मार्कर, म्हणजे एखाद्या गुणाची खूण ठरणारा डीएनएचा तुकडा, आपल्या संकरांत पडताळल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

राहिले जनुकांतरण (दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालणे) आणि जनुक-संपादन (झाडाच्या स्वतःच्याच जनुकांत बदल करणे). जपानच्या चिबा विद्यापीठात, आपल्या बांधावरच्या केना या तणाच्याच एका भाऊबंदाचे जनुक घालून निळे फॅलेनॉप्सिस तयार झाले आहे. दुकानातले गडद निळे फूल बहुतेक वेळा रंग टोचलेले असते आणि पुढचा बहर पांढरा येतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. तैवानमध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने या ऑर्किडच्या जनुकांत यशस्वी बदल केल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु संपादित पेशीपासून अखंड रोप वाढवून ते फुलवणे हे आजही दीर्घकाळाचे आणि खर्चाचे काम आहे.

आपण आधी मातृवृक्षांची विषाणू-चाचणी करावी, मग गुणसूत्रसंच पाहावेत आणि त्यानंतरच परागीकरणाला हात घालावा. मार्गदर्शनासाठी सिक्कीममधील पाक्योंग येथील राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्राकडे विचारणा करता येईल.